दहा गुंठे गवत

गवत हा शब्द आमच्या घरी आदराने कधी उच्चारला गेला नाही. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील दहा गुंठ्यांची वाडी, तीत केळी, पानवेल, बांधाकडेला मोगरा आणि पाऊस सरल्यावर थोडी भाजी, एवढ्यावर आमच्या बाबांनी संसार केला. गुरांना भाताचा पेंढा मिळे. गवत ही उपटून टाकायची वस्तू होती. त्यातही हरळीशी बाबांचे हाडवैर होते. उकिडवे बसून, खुरप्याच्या टोकाने माती उकरीत, ते तिच्या मुळीचा माग थेट शेवटच्या पेरापर्यंत काढीत. शाळेतून आल्यावर आम्हा दोघा भावांना एकेक वाफा वाटून दिलेला असे. धाकटा आपला वाफा चोख करी. मी सदऱ्याखाली पुस्तक लपवून नेई आणि वरवर खुरपून मोकळा होई. आठवड्याभरात माझ्या वाफ्यातून हरळी पुन्हा डोके काढी. मग बाबा काही न बोलता तिथे जाऊन बसत.

अशा घरात वाढलेल्या माणसाने वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी सातासमुद्रापलीकडे जाऊन गवताची पेरणी करावी, हा योग विचित्रच म्हणायचा. पण तो आला खरा.

२०२३ सालच्या जुलैअखेरीस माझ्या धाकट्या भावाच्या हृदयावर बायपास शस्त्रक्रिया झाली. तो १९९९ पासून अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात राहतो. भावजय नोकरी करते, पुतणी दूरच्या कॉलेजात. 'काही काळ घरी कोणी असते तर बरे झाले असते' असे भावजय फोनवर बोलून गेली आणि लगेच म्हणाली, "पण फादर, तुम्हांला धर्मग्राम सोडून कसं येता येईल?" मी बिशपांकडे तीन महिन्यांची रजा मागितली. ती इतक्या सहज मिळाली की, आपल्यावाचून धर्मग्राम ओस पडेल हा माझा समज तिथल्या तिथे दूर झाला. ८ सप्टेंबरचा पवित्र मारियेच्या जन्माचा सण आटोपून मी विमानात बसलो.

भाऊ दारात उभा होता. छातीशी उशी धरलेली. खोकला आला की ती घट्ट दाबायची असे डॉक्टरांनी सांगितलेले. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो म्हणाला, "दादा, लॉन पाहिलंस का? पार गेलं."

चोवीस तासांचा प्रवास करून आलेल्या माणसाला हे पहिले वाक्य! मी मागे वळून पाहिले. घराच्या पुढच्या बाजूचे गवत नीट कापलेले होते. शेजारच्या एका निवृत्त पोलिश वंशाच्या गृहस्थांनी उन्हाळाभर स्वतःचे कापता कापता हेही कापून ठेवले होते, कोणी न सांगता. मागच्या अंगणात मात्र दैना होती. एक जुना ओक कीड लागल्याने वसंतात तोडावा लागला होता. तिथे पाऊण गुंठा जमीन उघडी पडलेली. उरलेल्या भागात जागोजागी पिवळे चट्टे आणि क्रॅबग्रास नावाचे पसरट तण. मला मनातून हसू आले. हे तण मला ओळखीचे वाटत होते. आमच्या बांधावर असलेच काहीतरी उगवे.

खरे सांगायचे तर या लॉनप्रकरणाविषयी मला कधी ममत्व वाटले नव्हते. आधीच्या दोन भेटींत मी त्याची थट्टाही केली होती. ना गाय, ना वासरू, आणि हा मनुष्य दर शनिवारी गवत कापून त्याची देखभाल करतो! गवताचे हे वेड मुळात युरोपातील जमीनदारांचे. ज्याच्या दारी जमीन नुसतीच हिरवी ठेवण्याइतकी मुबलक असे, त्याची ती मिरवणूक होती. १८३० मध्ये इंग्लंडात एडविन बडिंग याने गवत कापायच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि हळूहळू ते वेड मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरे उभी राहिली, तेव्हा तर ते शेजारधर्माचा भाग होऊन बसले. तिकडच्या कित्येक गावांत गवत ठराविक उंचीपुढे वाढू दिले तर घरमालकाच्या हाती नोटीस पडते. ज्याला 'केंटकी ब्लूग्रास' म्हणतात ते गवतही मूळचे केंटकीचे नव्हे, युरोपातून आलेले. आणि तिकडे दक्षिणेकडील राज्यांत लोक पैसे मोजून ज्या 'बर्म्युडा' गवताचे बी पेरतात, ती आपली हरळीच! बाबांना हे सांगितले असते तर त्यांनी खुरपे खाली ठेवून माझ्याकडे पाहिले असते. पाणी, खत, औषधे यांवर होणारा खर्च पाहता, पोप फ्रान्सिस यांचे २०१५ सालचे 'लाउदातो सी' वाचलेल्या धर्मगुरूला या हिरवाईसमोर पाप-पुण्याचा प्रश्न पडावा, हेही स्वाभाविक होते.

पण समोर माणूस आजारी होता, आणि त्याला पाच किलोच्या वर काही उचलायची मनाई होती. मी म्हटले, "काय करायचं ते सांग. हात माझे, डोकं तुझं."

"आत्ताच करायला हवं," तो म्हणाला. "पानगळ हाच इथला पेरणीचा काळ."

हे मला चमत्कारिक वाटले. आपल्याकडे शरद म्हणजे धुतलेले आभाळ, पिवळे पडू लागलेले भात आणि कोजागिरीचे चांदणे. पेरणीशी त्याचे नाते नाही आणि पानगळीशी तर नाहीच. पाने गळतात ती पुढे शिशिरात. अंगणातील बदाम तांबडा होऊन पाने टाकू लागला की राखेचा बुधवार जवळ आला, असे आम्ही मुले समजत असू. पेरणी मृगाची. पण भावाने समजावून सांगितले ते मला पटले. तिकडची ही गवते थंड हवेची. कडक उन्हाळ्यात ती झोपी जातात, तपकिरी होतात. मेली असे वाटते, पण मेलेली नसतात. वसंतात बी टाकले तर कोवळ्या रोपांना आधी तणाशी आणि मग लगेच उन्हाळ्याशी झगडावे लागते. सप्टेंबरात मात्र माती अजून उबदार असते, हवा गार झालेली असते, आणि क्रॅबग्रास पहिल्या कडक दहिवराने मरणार हे ठरलेलेच असते. वरची पात हळूहळू वाढायची थांबते. खाली मुळे बर्फ पडेपर्यंत पसरत राहतात. "वर काही दिसत नाही म्हणून लोक हा काळ फुकट घालवतात," तो म्हणाला.

त्या रात्री दैनिक प्रार्थनेचे पुस्तक उघडले तेव्हा माझे मन स्तोत्रकाराकडे गेले. माणसाच्या आयुष्याला गवताची उपमा देणारी त्याची ओळ मी कितीतरी अंत्यविधींत वाचली आहे. पण त्याच्या डोळ्यांसमोरचे गवत उष्ण प्रदेशातले, एका पावसाचे. उन्हाळ्यात झोपून पानगळीत जागे होणारे गवत त्या बिचाऱ्याने पाहिले नसावे.

दुसऱ्याच दिवशी काम सुरू झाले. मातीचा नमुना भावजयीने आधीच रटगर्स विद्यापीठाच्या माती परीक्षणशाळेत पाठवला होता. माती आंबट झाल्याचा आणि चुना घालण्याचा सल्ला आला होता. भाड्याने एक यंत्र आणले. ते चालवताना मी वितभर उड्या मारीत होतो. त्याच्या पोकळ नळ्या जमिनीत शिरून बोटभर जाडीच्या, दोन-तीन इंच लांब मातीच्या गुंड्या उपसून वर टाकतात. घट्ट झालेल्या जमिनीला त्या भोकांतून हवा आणि पाणी मिळते. गुंड्या तशाच ठेवायच्या, पावसाने विरघळून जातात. शेजारचे गृहस्थ कुंपणापाशी येऊन मला यंत्र कसे वळवायचे ते दाखवू लागले. भावाने ओळख करून दिली, "माझा भाऊ, फादर आहे." त्यांनी टोपी काढली, मग माझ्या चिखलाने माखलेल्या पायांकडे पाहिले आणि पुन्हा घातली.

मग चुना आणि खत किती घालायचे हा हिशेब आला. पिशवीवर प्रमाण दिलेले असते ते हजार चौरस फुटांचे. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. भाऊ आरामखुर्चीतून म्हणाला, "कशाला आकडेमोड करतोस? हजार फूट म्हणजे आपला गुंठा समज. गुंठ्याला एक पिशवी चुना."

बरोबरच होते. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद. गुंठा म्हणजे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. मी म्हटले, "मग एकूण जागा किती?"

"पाव एकर. घर, गॅरेज, गाडीचा रस्ता वजा करून गवताखाली सात धर."

मी लिहू लागलो आणि पेन्सिल थांबली. पाव एकर म्हणजे दहा गुंठे.

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. "घर घेताना दलाल मोठ्या प्लॉटच्या मागे लागला होता," तो म्हणाला. "भावात फार फरकही नव्हता. मी म्हटलं, नको. मला मोजमाप कळतं एवढंच हवं."

आता मागचे सांगितले पाहिजे. या मजकुरात ते टाळता आले असते तर मी टाळले असते.

बाबा २००१ मध्ये वारले. शेवटच्या आजारात भाऊ रजा काढून आला होता. एका संध्याकाळी बाबांनी आम्हा दोघांना खाटेपाशी बोलावून विचारले, "वाडी बघाल ना?" मी म्हणालो, "बाबा, मी धर्मगुरू. मला वाडीशी काय करायचं?" वाक्य चुकीचे नव्हते, पण मरणाऱ्या माणसाला सांगायचेही नव्हते. भाऊ म्हणाला, "हो बाबा. पाच वर्षांत परत येतो."

पुढे दोन वर्षांत विहिरीचे पाणी मचूळ झाले. सभोवार टँकरवाल्यांनी पाण्याचा उपसा मांडला होता; गोडे पाणी खाली गेले की समुद्र आत सरकतो, हे आमच्या गावात आता शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. पानवेल आधी गेली, मग केळी करपू लागल्या. शेजारच्या बावखलात मातीचे डंपर रिकामे होऊ लागले. आई एकटी, तिचे मूत्रपिंडाचे दुखणे सुरू झालेले. २००३ मध्ये भावाचे हवाई टपालाने सहा पानी पत्र आले. वाडी विकू नकोस. मी पैसे पाठवतो, एक माणूस ठेव, पावसाचे पाणी विहिरीत सोडण्याची सोय कर, नारळ लाव, नारळ तग धरतील. शेवटच्या पानावर त्याने वाडीचा नकाशाच काढला होता, पाटासकट.

मी चार ओळींत उत्तर दिले. जमीन कसणाऱ्याची असते, तुझ्या डॉलरांवर इथे केळी उगवणार नाहीत, असे त्यात एक वाक्य होते. ते लिहिताना मला ते फार धारदार आणि म्हणून खरे वाटले होते. त्याने उलट टपाली मुखत्यारपत्र पाठवले, सोबत एक अक्षरही नव्हते. २००४ मध्ये वाडी बिल्डरला गेली. आईच्या उपचाराला पैसा झाला. ती २०१० पर्यंत जगली. तेव्हा व्यवहाराने पाहता माझे काही चुकले असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्याच काळात मी 'हरित वसई'च्या सभांना जात होतो, वेदीवरून हिरव्या पट्ट्याविषयी कळकळीने बोलत होतो, आणि लोक डोळे पुशीत ऐकत होते. माझी सही कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. भावाला ठाऊक होते. पुढील वीस वर्षांत आम्ही नाताळला फोन केले, बारशा-लग्नांना भेटलो, आईच्या शवपेटीला मिळून खांदा दिला. वाडी हा शब्द मात्र दोघांनीही उच्चारला नाही.

असो. गुंठ्याला एक पिशवी याप्रमाणे मी चुना टाकला. २१ सप्टेंबरला, संत मत्तयच्या सणाच्या दिवशी, ओकच्या उघड्या जागेवर बी पेरले. टॉल फेस्क्यू जास्त, थोडे राय, थोडे ब्लूग्रास. आधी दाताळ्याने माती भुसभुशीत केली. भाऊ म्हणाला, "अर्धं बी उभं पेर, अर्धं आडवं." मी हाताने फेकू लागलो. तो खुर्चीवरून उठून जवळ आला. "बाबा मेथी कशी फेकायचे? मनगट सैल ठेव." माझ्या मनगटाला ते कधीच जमले नव्हते. मी त्याच्या हाती मूठभर बी दिले. एवढे वजन त्याला उचलता येत होते. त्याने एकच फेक टाकली. बी जमिनीवर सारखे पसरले. कोणी मोजून ठेवावे तसे.

शनिवारी २३ तारखेला मी तिथल्या धर्मग्रामात सकाळच्या मिस्साला गेलो. तिथल्या प्रमुख धर्मगुरूंनी मला मदतीला बोलावले होते. शुभवर्तमान उघडले तर लूकच्या आठव्या अध्यायातील पेरणाऱ्याचा दाखला! मी मनाशी खूश झालो. पॅलेस्टाईनमध्ये गहू आणि जव पेरतात ते उन्हाळा संपून पहिला पाऊस पडल्यावर, म्हणजे वर्षाच्या उतारालाच. हे सेमिनरीत शिकलो होतो. तरीही इतकी वर्षे माझ्या डोळ्यांसमोरचा पेरणारा मृगाच्या पावसात, डोक्यावर इरले घेऊन उभा असे. आता प्रथमच तो मला त्याच्या खऱ्या ऋतूत दिसला. याच विषयावर मी पाच मिनिटे बोललो. बाहेर पाऊस वाढत होता.

तो ओफेलिया वादळाचा पाऊस होता. दोन दिवस थांबला नाही. सोमवारी पाहतो तो पेरलेले बी वाहून गाडीच्या रस्त्याच्या कडेला, गटाराच्या जाळीपाशी, पिवळसर ओळीत साठलेले. उरलेसुरले २९ सप्टेंबरच्या पावसाने नेले. त्या दिवशी न्यूयॉर्क शहरात रस्त्यांवर आणि भुयारी रेल्वेत पाणी भरले होते. दाखल्यात बी वाटेवर पडते, खडकावर पडते, काटेऱ्यांत पडते. सरळ वाहूनच गेले तर काय, याचा उल्लेख तिथे नाही.

आणि १ ऑक्टोबरचा रविवार आला. त्या वर्षीच्या उपासनाक्रमात लागोपाठ तीन रविवार द्राक्षमळ्याचे होते. मधल्या रविवारी मत्तयच्या शुभवर्तमानातील दोन पुत्रांचा दाखला. बाप एकाला म्हणतो, मळ्यात कामाला जा. तो नाही म्हणतो, पण मागाहून पस्तावून जातो. दुसरा हो म्हणतो आणि जात नाही. दहाच्या मिस्साचे प्रवचन माझ्याकडे होते. शनिवारी रात्री मी ते तीनदा लिहिले आणि तीनदा फाडले. शेवटी शब्द आणि कृती यांतील अंतरावर जे कोणीही, कुठेही बोलू शकेल ते बोललो. भाऊ तिसऱ्या बाकावर बसला होता, उशी मांडीवर. शस्त्रक्रियेनंतर प्रथमच चर्चला आला होता. मिस्सा झाल्यावर लोक दारात माझा हात हातात घेऊन छान झाले असे म्हणत होते. तो गाडीत बसेपर्यंत काहीच बोलला नाही.

मंगळवारी पुन्हा पेरायला घेतले. ऑक्टोबरचा पहिला आठवडा म्हणजे शेवटची संधी. त्यापुढे जमीन गार होते. या खेपेला बी टाकून वर पेंढा पसरायचा होता, म्हणजे पाऊस आला तरी थोपवला जाईल. त्या दिवसांत तिकडे घरोघरी दारात लाल भोपळे आणि पेंढ्याच्या गासड्या शोभेला मांडतात, त्यामुळे पेंढा मुबलक. मी गासडीची दोरी कापली आणि तो वास आला. भातकापणीनंतरच्या खळ्याचा. हा गव्हाचा होता, तरी वास तोच. आयुष्यभर इतरांची पापनिवेदने ऐकणाऱ्या माणसाला स्वतःचे शब्द सापडायला इतकी वर्षे लागावीत! मी पाठमोराच होतो. म्हणालो, "ते पत्र मी लिहायला नको होतं."

कोणते पत्र, असे त्याने विचारले नाही.

"विकली ते ठीक होतं," बऱ्याच वेळाने तो म्हणाला. "आईसाठी विकायलाच लागली असती. मलाही कळत होतं. पण तू विचारलं नाहीस, सांगितलंस. आणि ते वाक्य..."

"हो."

"खरं म्हणजे राग मला माझाच होता. हो म्हणणारा मी आणि न जाणाराही मीच. परवा तू बोलत होतास तेव्हा वाटलं, दादा माझ्यावरच बोलतोय."

"मी माझ्यावर बोलत होतो," मी म्हटले. "नाही म्हणणारा मी."

त्याने थोडा विचार केला. "पण दादा, तो नाही म्हणणारा मागाहून गेला ना मळ्यात?"

"गेला."

"मग आपल्यातला गेला कोण?"

मी उत्तर शोधू लागलो, आणि आम्हा दोघांनाही एकदमच हसू आले. त्याला हसणे सोसेना. एका हाताने छाती आवळून, दुसऱ्याने डोळे पुशीत तो म्हणाला, "पेंढा पातळ टाक. खालची माती अर्धी दिसली पाहिजे. नाहीतर बी कोंडून मरेल."

मी पेंढा पातळ टाकला.

पुढचे पंधरा दिवस दिवसातून दोनदा हलके पाणी द्यायचे काम माझ्याकडे होते. नळीच्या टोकाला बारीक धारेचा झारा लावलेला. पाणी घालताना मला रहाटाच्या लोट्यांचा आवाज आठवे, आणि पाटाचे दारे फोडायला धावणारा एक लहान मुलगा. तो मी नव्हतो. आठव्या दिवशी पेंढ्यातून रायची केसासारखी पाती दिसली, मग फेस्क्यूची. ब्लूग्रास तीन आठवडे घेते. मी रोज सकाळी मिस्साहून आल्यावर आधी मागच्या अंगणात जाई. त्यासाठी खरे म्हणजे काहीच कारण नव्हते.

ऑक्टोबर संपता संपता मेपल पेटले आणि गळू लागले. कित्येक घरी पाने ओढून रस्त्याच्या कडेला ढीग करतात. नगरपालिकेची गाडी ती नेते. पाने फुंकणारी यंत्रे सकाळपासून किंचाळत असतात, आणि या बाबतीत माझे मत आजही बदललेले नाही. दाताळ्याचा आवाज देवाला अधिक आवडत असावा. भाऊ मात्र जुन्या गवतावरची पाने ओढू देत नसे. कापायचे यंत्र त्यांवरून दोनदा फिरवायचे, म्हणजे नाण्याएवढे तुकडे होऊन ते पातींच्या मधून खाली जातात आणि मातीत कुजतात. थर जाड झाला तरच उचलायचा. कोवळ्या गवतावरची पाने तेवढी मी हलक्या हाताने, जवळजवळ एकेक करून, वेचीत असे. शेजारच्या गृहस्थांना त्याची मोठी गंमत वाटे. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, ते मला दफनभूमीत घेऊन गेले. आपल्याकडे त्या दिवशी मेणबत्त्या आणि फुले यांनी थडगी उजळतात. तिथे सगळीकडे सपाट हिरवळ, जमिनीलगत शिळा. त्यांनी खिशातून एक साधी कात्री काढली, गुडघ्यांवर बसले आणि पत्नीच्या नावाभोवतीचे गवत कापू लागले. मी प्रार्थना म्हणून थांबलो. त्यांचे कापणे संपायचे होते.

शेवटचे खत १५ नोव्हेंबरच्या आत टाकावे लागते. न्यू जर्सीत २०११ चा कायदा आहे. १५ नोव्हेंबरपासून १ मार्चपर्यंत घरमालकाला लॉनवर खत टाकायला बंदी. गोठलेल्या जमिनीतून ते वाहून ओढ्यांत आणि खाडीत जाते, पाण्यात शेवाळ माजते. कायदा मला आवडला. असा एखादा आमच्या विहिरींसाठी वेळेवर झाला असता तर, असा विचार आला आणि मी तो बोलून दाखवला. "तरी तू पाच वर्षांत परत आला असतास का?" मी विचारले. "नसतो आलो," भाऊ म्हणाला. आता आम्हांला असे बोलता येत होते.

माझ्या परतीच्या आदल्या दिवशी त्याने डॉक्टरांच्या परवानगीने यंत्र स्वतः हाती घेतले. वर्षातली शेवटची कापणी. पाते तीन इंचांवर ठेवलेले. नव्या गवताच्या कडेशी येऊन तो थांबला आणि मला खुणेने बोलावले. ती पाऊण गुंठ्याची पहिली कापणी माझ्याकडून व्हावी अशी त्याची इच्छा होती. मी यंत्र ढकलले. माझी रेघ वाकडी गेली. तो काही बोलला नाही. मी वळल्यावर मागून येऊन त्याने ती सरळ केली.

२०२४ च्या जून महिन्यात, इथे मृगाचा पाऊस पत्र्यावर वाजत असताना, त्याचा फोन आला. प्रकृती उत्तम, कामावर जातो. पेरलेले गवत हिवाळा काढून उठले आहे, ओकची जागा आता ओळखू येत नाही. मग म्हणाला, "कुंपणाच्या कोपऱ्यात, ऊन असतं ना तिथे, हरळी आलीय."

मी म्हटले, "मग खुरपं घे आणि मुळासकट काढ. ठेवलीस तर सगळं खाईल."

"माहीत आहे," तो म्हणाला. "राहू दे थोडी."